जखम उंदराची, मलम माणसाचे

पाऊस उघडला की बदलापूर-अंबरनाथच्या मोकळ्या जागांत, रुळांच्या कडेला, इमारतींच्या कुंपणाशी एक खुरटी वनस्पती माजते. जमिनीलगत खरबरीत पाने आणि त्यातून वर आलेल्या एकाच लांब दांड्यावर फिकट पिवळे-पांढरे फूल. म्हणून एकदांडी. कोणी तिला दगडी पाला म्हणतात, कोणी कंबरमोडी. आमच्या लहानपणी खेळताना गुडघा फुटला की एखादे थोराड पोर तिची चार पाने तोडायचे, तळहातावर चोळायचे आणि हिरवा रस जखमेवर पिळायचे. चरचरायचे, पण रक्त थांबायचे. आठवड्याभरात खपली पडायची. पाल्यानेच जखम भरली, याविषयी आमच्यात दुमत नव्हते. पाला न लावलेल्या गुडघ्याची खपलीही साधारण आठवड्यानेच पडते, हे पाहण्याची बुद्धी त्या वयात कोणाला होणार!

वनस्पतींपासून केलेल्या मलमांची सगळी गोष्ट या दुसऱ्या गुडघ्यापाशी येऊन थांबते. मलम लावले आणि जखम भरली, हे कोणीही सांगू शकते. मलम लावले नसते तर किती दिवसांत भरली असती, हे सांगता येते का?

हा प्रश्न आज काढण्याचे कारण आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या लागून असलेल्या तीन शहरांत अशा मलमाला लागणारे जवळजवळ सगळे एका जागी मिळते. मलंगगड आणि बारवी धरणाच्या बाजूला वनस्पती आहेत आणि त्या ओळखणारे ठाकूर-कातकरी आहेत. उल्हासनगरात फार्मसीचे कॉलेज आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत. आणि जखमा तर भरपूर आहेत. लेथवर कापलेली बोटे, रसायनाने भाजलेले हात, लोकल पकडताना सोललेली नडगी आणि या सगळ्यांहून चिवट अशी मधुमेही माणसाच्या तळपायाची जखम. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत रोज पट्ट्या बदलल्या जातात. त्याच रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानांत ‘शुद्ध वनस्पतीजन्य’ असे छापलेली मलमे ओळीने मांडलेली असतात. त्यांतली किती मलमे माणसाच्या जखमेवर, दुसऱ्या गुडघ्याशी तुलना करून तपासली गेली आहेत, हे डबीवर लिहिलेले नसते. तसे लिहिण्याची सक्तीही नाही.

या विषयात आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते ती हळदीची गोष्ट. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये त्या पेटंटला आव्हान दिले. पुरावा म्हणून ३२ संदर्भ सादर झाले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर होता आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापून आलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने पेटंटमधील सगळे दावे फेटाळले. ही ‘हळदीघाटीची लढाई’ मराठी घराघरांत पोहोचली, शाळांतून सांगितली गेली. पुढे भारताने पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारले, त्यामागे ही लढाई होती.

लढाई खरीच मोठी होती. पण त्या खटल्यात ठरले काय? हळदीचा हा वापर नवा नाही, एवढेच. हळदीने जखम खरोखर लवकर भरते का, किती लवकर, कोणत्या प्रकारची, किती मात्रेने, हे तिथे कोणी विचारले नव्हते आणि विचारण्याची गरजही नव्हती. पेटंट पाडायला ‘हे आम्हाला आधीपासून माहीत आहे’ एवढे पुरते. रुग्णाला ते पुरत नाही. आपल्या सार्वजनिक बोलण्यात मात्र या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आणि अमेरिकेने हळदीचे औषधी गुण मान्य केले, असा त्या निकालाचा अर्थ अनेकांनी लावून घेतला. आजही मलमाच्या जाहिरातीत ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द पुराव्याच्या जागी बसवले जातात.

परंपरेचे वयही कधी कधी तपासून पाहावे. सुरुवातीला सांगितलेली एकदांडी, जिला वनस्पतिशास्त्र ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स म्हणते, मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. मिरची, पेरू, बटाटा आले त्याच मार्गाने, समुद्रावरून ती इकडे पोहोचली. म्हणजे सुश्रुताला ती ठाऊक असणे शक्य नाही. आपल्या गावांनी ती नंतरच्या काही शतकांत स्वतः हाताळून, लावून पाहून आपलीशी केली. माझ्या लेखी हे तिचे उणेपण नाही, उलट कौतुक आहे. लोक नवीन पाला तपासून पाहत होते. फक्त त्या तपासणीची नोंदवही नव्हती.

नोंदवही ठेवायचे काम प्रयोगशाळेचे. तिथे काय होते ते पाहू.

फार्मसीच्या विद्यार्थ्यांत वनस्पतींच्या अर्काचे मलम हा प्रकल्पाचा आवडता विषय. पद्धत ठरलेली असते. पाला सावलीत वाळवायचा, दळायचा, मद्यार्कात किंवा पाण्यात त्याचा अर्क काढायचा आणि तो पॅराफिन, लोकरीची चरबी, मेण अशा पायात मिसळून मलम घोटायचे. मग प्राण्यांवरील प्रयोगांसाठीच्या नैतिकता समितीची परवानगी घेऊन पांढऱ्या उंदरांचे गट करायचे. एका गटात बहुधा सहा उंदीर. भूल देऊन, पाठीवरचे केस काढून कातडीचा एक गोल तुकडा कापायचा. दर काही दिवसांनी त्या जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कडा पेनाने गिरवायची, आलेख कागदावर क्षेत्रफळ मोजायचे. दुसऱ्या प्रकारात सरळ चीर देऊन टाके घालायचे आणि दहा दिवसांनी ती जोडलेली कातडी ओढून फाटायला किती वजन लागते ते पाहायचे. एकदांडीवर असे काम आपल्याकडे जुने आहे. १९८२ सालीच इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये तिच्या जखम भरण्यावरील परिणामांचा अभ्यास छापून आला होता. त्यानंतरच्या चार दशकांत कोरफड, निंब, झेंडू, वड, तुळस, घाणेरी, सगळ्यांच्या पाळ्या झाल्या. निष्कर्ष बहुतेक वेळा सारखाच असतो: मलमाने जखम लवकर भरली.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण उंदरात आहे. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की हा थर कडा आत ओढतो, पिशवीची नाडी ओढावी तशी. उंदराची जखम मुख्यतः अशी आवळून बंद होते. आपल्या कातडीखाली मानेसारख्या काही जागा सोडल्या तर हा थर जवळजवळ नाही. आपली उघडी जखम तळापासून लाल मांसाने भरत यावी लागते आणि मग तिच्यावर कडेकडून नवी कातडी सरकते. हे वेगळे काम आहे, वेगळ्या वेगाने चालणारे. शिवाय उंदीर तरुण, धडधाकट, वेळेवर खाणारा. त्याची जखम चकचकीत सुरीने केलेली, स्वच्छ. उल्हासनगरच्या एखाद्या साठीतल्या दुकानदाराच्या अंगठ्याखालची, साखर बिघडलेली, रक्तपुरवठा कमी झालेली, चपलेत घासली जाणारी, तीन महिने चिघळलेली जखम आणि ही जखम यांचे नाते फार लांबचे.

दुसरी अडचण तुलनेची. अशा अभ्यासांत मलमाची तुलना पुष्कळदा पोव्हिडोन आयोडीनशी, म्हणजे घरोघरच्या तपकिरी औषधाशी केलेली असते. ते जंतू मारायला बनवलेले औषध आहे, जखम भरायला नव्हे. परीक्षानळीत ते नव्या कातडीच्या पेशींनाही जाचक ठरते. त्याच्यापुढे जाणे म्हणजे पळण्याच्या शर्यतीत पोहणाऱ्याला हरवणे. आणि काही वेळा एक गट बिनउपचाराचा, उघडा ठेवलेला असतो. इथे १९६२ सालचा एक प्रयोग आठवायला हवा. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमांपैकी काही पॉलिथिनच्या पातळ कागदाने झाकल्या आणि काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी साधारण दुप्पट वेगाने आली. कागदात कोणतेही औषध नव्हते. जखम ओलसर राहिली, खपली कडक झाली नाही, इतकेच. नेचरमध्ये छापून आलेल्या त्या शोधावर आजचे सगळे आधुनिक ड्रेसिंग उभे आहे.

याचा अर्थ कोणतेही तेलकट मलम, त्यात पाला असो वा नसो, उघड्या जखमेपेक्षा बरेच काम करून जाईल. म्हणून खरी तुलना एकच: पाला घातलेले मलम आणि पाला न घातलेले तेच मलम. तोच पाया, तोच रंग, शक्य तर तोच वास. लावणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला कोणती डबी कोणती हे ठाऊक नको. हा गट ज्या अभ्यासात नाही त्याचे निष्कर्ष वाचताना मी तरी पान उलटतो.

कोरफडीचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. तिच्याविषयी लोकांच्या मनात शंका नसते. १९९१ साली अमेरिकेत प्रसूती किंवा स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावरची जखम उघडी राहिलेल्या २१ स्त्रियांवर चाचणी झाली. नेहमीच्या उपचाराने जखम सरासरी ५३ दिवसांत भरली, कोरफडीचे जेल लावलेल्या गटाला ८३ दिवस लागले. गट लहान होते, त्यामुळे यावरून कोरफड वाईट असे म्हणता येत नाही. पण ‘निदान अपाय तर होणार नाही’ हे आपण किती सहज म्हणतो! २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेने तोवरच्या कोरफडीच्या चाचण्या एकत्र तपासल्या. जगभरातून निकषांत बसणाऱ्या सात चाचण्या निघाल्या, रुग्ण अवघे ३४७. त्यांतून कोरफडीच्या बाजूने ठोस काही सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्या झाडाच्या नावावर एवढी बाजारपेठ उभी आहे, त्याच्यावरचा पुरावा एका लोकलच्या दोन डब्यांत मावेल एवढ्या माणसांचा.

तर मग वनस्पतीच्या मलमाची नीट चाचणी होऊच शकत नाही का? होते, आणि झाली आहे. भूर्जवृक्षाच्या, म्हणजे बर्चच्या सालीच्या अर्काचे एक जेल आहे. जन्मतःच कातडी फुलपाखराच्या पंखासारखी नाजूक असलेल्या, जरा घासले तरी फोड येणाऱ्या एका दुर्मीळ आजाराच्या २२३ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तुलनेला सूर्यफुलाचे तेल आणि मेण यांचे तसेच दिसणारे जेल होते. पंचेचाळीस दिवसांत अर्काच्या गटात ४१.३ टक्के रुग्णांची ठरवलेली जखम पूर्ण बंद झाली, नुसत्या तेल-मेणाच्या गटात २८.९ टक्के. युरोपने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. यातला दुसरा आकडा नीट पाहा. औषधाविना, केवळ तेल-मेणाने शंभरातल्या एकोणतीस जखमा बंद झाल्या. तुलनेचा गट नसता तर त्याही सालीच्या खात्यावर जमा झाल्या असत्या. आणि नव्वद दिवसांपर्यंत दोन गटांतला फरक आणखी कमी झाला होता. खरी चाचणी अशी असते. ती यशही मापून देते.

दुसरे उदाहरण तर आपल्या गॅलरीतले आहे. ओव्याच्या वासाची, जाड लुसलुशीत पानांची एक कुंडी बदलापूरच्या अर्ध्या घरांत असेल. आपण पानओवा म्हणतो, पावसात भजी करतो. त्याचा आणि मंडूकपर्णीचा, म्हणजे काही जण जिला ब्राह्मी समजतात त्या वेलीचा अर्क घालून तैवानमधील कंपनीने मधुमेही पायाच्या जखमेसाठी मलम बनवले. अमेरिका, चीन आणि तैवान इथल्या २१ केंद्रांत २३६ रुग्णांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष जामा नेटवर्क ओपनमध्ये आले. सोळा आठवड्यांत मलमाच्या गटात ६०.७ टक्के जखमा पूर्ण भरल्या, ओलावा शोषणाऱ्या आधुनिक ड्रेसिंगच्या गटात ३५.१ टक्के. फरक मोठा आहे. मात्र इथे तुलना ड्रेसिंगशी होती, अर्क नसलेल्या त्याच मलमाशी नव्हती. त्यामुळे यश पानओव्याचे किती आणि मलमाच्या पायाचे किती, हा प्रश्न उरतो. तरीही आपल्या भज्यांच्या पानाची नोंदवही तैवानने ठेवली आणि आपण ठेवली नाही, ही बोच आहेच.

(पानओव्याची पाने वाटून जखमेवर बांधू नयेत, हे सांगायलाच हवे. ते मलम आहे, मोजलेल्या अर्काचे आणि शुद्ध केलेले. कुंडीतल्या पानावर मातीही असते. तसेच स्वयंपाकघरातल्या हळदीचे. मसाल्यांच्या भुकटीत जिवाणूंचे बीजाणू हमखास सापडतात, आणि उघडी जखम म्हणजे कढई नव्हे.)

आपण मागे का, याचे एक उत्तर कायद्यात आहे आणि ते अंबरनाथमध्येच पाहता येते. अंबरनाथला कारखाना असलेल्या सेंटॉर फार्मास्युटिकल्सने २०२० मध्ये मधुमेही पायाच्या जखमेवरचे एक द्रावण बाजारात आणले. ते वनस्पतीचे नाही, मूळ जर्मनीत शोधलेला रासायनिक रेणू आहे. नवीन औषध म्हणून त्याला भारतातल्या रुग्णांवर तिसऱ्या टप्प्यापर्यंतच्या चाचण्या करून केंद्रीय औषध महानियंत्रकांची परवानगी घ्यावी लागली. त्याच जखमेसाठी एखाद्याने त्याच औद्योगिक वसाहतीत वनस्पतींचे मलम बनवायचे ठरवले तर नियमांचे वेगळे पुस्तक उघडते. घटक आयुर्वेदाच्या अधिकृत ग्रंथांत असले आणि कृतीही ग्रंथातलीच असली, तर परिणामकारकतेचा वेगळा पुरावा लागत नाही. कृती स्वतःची असेल तर २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब प्रमाणे ग्रंथाधार आणि छोटा प्राथमिक अभ्यास पुरतो. परवाना राज्य पातळीवर मिळतो. दोन्ही डब्या मग एकाच दुकानात, एकाच काउंटरवर येतात आणि गिऱ्हाईकाला वाटते की दोन्ही सारख्याच तपासलेल्या आहेत.

मधला मार्ग नाही असे नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने वनस्पतीजन्य औषधांचा, फायटोफार्मास्युटिकलचा वेगळा वर्ग केला. अर्क शुद्ध आणि प्रमाणित हवा, त्यातले किमान चार घटक मोजलेले हवेत आणि माणसांवरील चाचण्या नव्या औषधासारख्याच हव्यात. वाट चांगली आहे, पण खर्चाची. शेजारच्या खिडकीत ग्रंथाधारावर परवाना मिळत असताना या वाटेने कोणी का जावे? दशक उलटले तरी तिथे गर्दी नाही, ती यामुळेच.

उरते जाहिरातीवरची देखरेख. तिथे तर गेल्या काही वर्षांत पुढे दोन पावले आणि मागे तीन असे चालले आहे. आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, असा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरणच निकाली निघाले आणि स्थगितीही उठली. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे, पण तो जाहिरात छापून झाल्यावर कामाला येतो, छापण्याआधी नव्हे. मलम बनवणाऱ्याला ना आधी चाचणी, ना आधी मंजुरी, अशी ही स्थिती आहे.

यात आयुर्वेदाचाही तोटा आहे, हे मला मुद्दाम म्हणायचे आहे. सुश्रुतसंहितेत जखमेवरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. आधी शोधन, मग रोपण, म्हणजे आधी जखम स्वच्छ करा, मग ती भरू द्या, हा क्रम आजच्या शल्यचिकित्सकालाही मान्य होईल. जात्यादि तेलासारखा पाठ अनेक वैद्य रोज वापरतात. त्यात चमेलीच्या जातीची पाने, निंब, हळद आहेत तसे तुत्थही, म्हणजे मोरचूदही आहे. ‘फक्त वनस्पती’ हे तिथेही खरे नाही. या पाठाची त्याच तेलाशी, पण औषधी घटक वगळलेल्या तेलाशी तुलना करणारी नीट चाचणी झाली, तर चांगला वैद्य घाबरणार नाही. घाबरेल तो, ज्याच्या ‘हर्बल’ क्रीममध्ये गुपचूप स्टेरॉइड घातलेले आहे. असे प्रकार जगभर पकडले गेले आहेत. स्टेरॉइडने लाली आणि खाज झटकन जाते, गिऱ्हाईक खूश होते, पण जखम भरण्याचा वेग मंदावतो.

मग या तीन शहरांत अशी चाचणी करायची झाली तर काय लागेल? पहिले, पाला. तोही कुठून तोडला याची नोंद असलेला. वालधुनीच्या काठी उगवलेली एकदांडी आणि बारवीच्या जंगलातली एकदांडी दिसायला सारखी. पण ज्या नदीच्या प्रदूषणाचा वाद हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तिच्या कडेच्या पाल्यात कोणते जड धातू उतरले असतील हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. ऋतू बदलला तरी अर्कातले घटक बदलतात. हे मोजण्याची यंत्रे औषध कारखान्यांकडे असतात, कॉलेजांकडेही थोडीफार असतात.

दुसरे, रुग्ण. किती? तैवानच्या चाचणीइतका मोठा फरक अपेक्षित धरला, ३५ टक्के विरुद्ध ६०, तर साध्या संख्याशास्त्रीय हिशेबाने दोन्ही गटांत मिळून सुमारे १२० रुग्ण पुरतात. मधूनच सोडून जाणारे धरले तर दीडशे. फरक दहाच टक्क्यांचा असेल, तर साडेसातशेच्या आसपास लागतील. म्हणजे सहा-सहा उंदरांचे प्रकल्प वर्षानुवर्षे वेगवेगळे करत राहण्यापेक्षा काही कॉलेजांनी, रुग्णालयांनी आणि एखाद्या कारखान्याने मिळून एकच चाचणी करणे शहाणपणाचे. दीडशे रुग्ण ही या पट्ट्यासाठी अशक्य संख्या नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आहेत, आणि मधुमेही माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के मानली जाते. अवघड आहे ते दुसरेच. त्या रुग्णांना सोळा आठवडे दर आठवड्याला बोलावणे, त्यांच्या साखरेची आणि पायातल्या रक्तप्रवाहाची नोंद ठेवणे, कामावर उभे राहणाऱ्या माणसाला पायावरचा भार कमी करायला लावणे. मलमापेक्षा यातल्या शेवटच्या गोष्टीनेच कित्येक जखमा भरतात.

तिसरे, चाचणी सुरू होण्याआधी तिची नोंद. भारताच्या चिकित्सा चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये २००९ पासून ही नोंद बंधनकारक आहे आणि ती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आधी नोंद केली की निकाल मनासारखा आला नाही म्हणून तो पेटीत ठेवता येत नाही. पुढच्या वेळी एखाद्या मलमाच्या डबीवर ‘वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध’ असे वाचाल, तेव्हा उत्पादकाला तो नोंदणी क्रमांक विचारायला हरकत नाही.

तोवर पायाचे काय करायचे? या पट्ट्यात पावसाळ्यात उल्हास नदी चढते, सखल वस्त्यांत पाणी शिरते. जुलै २०१९ मध्ये वांगणी-बदलापूरजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ती आठवत असेल. गुडघाभर पाण्यातून घरी आलेल्या मधुमेही माणसाला बोटांच्या बेचक्यातली चीर कळतच नाही, कारण नसा बधिर झालेल्या असतात. त्याने घरी आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुऊन, बेचक्यांसह कोरडे करून, तळवे आरशात किंवा घरातल्या कोणाकडून बघून घ्यावेत. जखम दिसली तर मलम निवडण्याआधी डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताची लस घेतल्याला किती वर्षे झाली हे सांगावे, आणि पाण्यातून चालून आल्याचेही आवर्जून सांगावे, कारण लेप्टोचा जंतू अशाच चिरेतून शिरतो.

आणि उंदरांच्या जखमेचे माप जसे कागदावर घेतात, तसे आपलेही घेता येते. आठवड्यातून एकदा, पट्टी बदलताना, एकाच उजेडात, शेजारी शाळेतली मोजपट्टी धरून मोबाइलवर जखमेचा फोटो काढून ठेवावा. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत निम्म्याने आकसली नाही, तर चालू उपचार, मग ते कोणत्याही पॅथीचे असोत, पुन्हा तपासावेत असा वैद्यकात संकेत आहे. चारही फोटो घेऊन डॉक्टरांसमोर बसावे.